काढा, चूर्ण, मुळी: तुम्हाला कोणी दिलं?

खान्देशातल्या मैत्रिणींनो, झाडपाल्याचं औषध कोणाच्या सांगण्यावरून घेतलंत ते लिहा. गुण आला की नाही, ते नंतर.

अमळनेरची लेक : बाळंतपणात आईचं म्हणणं अळिवाची खीर, सासूबाईंचं डिंकाचे लाडू. दोघींचा मान राखायचा म्हणून दोन्ही खाल्लं. वर आत्यानं शतावरी कल्प धाडला. दूध आलं, श्रेय तिघींनी घेतलं!

धुळेकर : अंगावरून पांढरं जायचं. घरात बोलायची सोय नाही. दवाखान्यात जायचं तर सोबत हे येणार, मग 'कशाला?' विचारणार. जाऊबाईंनी आठवडे बाजारातून मुळ्यांची पूड आणली, पदराआड पुडी दिली. "पी ले वं माय, काही व्हत नही." तांदळाच्या धुवणातून महिनाभर प्यायले. फरक शून्य. शेवटी जाऊबाईच लेडी डॉक्टरकडे घेऊन गेल्या, घरी सांगितलं साडी घ्यायला चाललो.

भुसावळहून : आमच्याकडे कोरोनात व्हॉट्सअपनं सासूची जागा घेतली. बिल्डिंगच्या ग्रुपवर गुळवेल, गुळवेल! नणंद रोज काढा प्यायची. डोळे पिवळे झाले, तेव्हा डॉक्टरांनी आधी तेच विचारलं. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताच्या त्रासाची नोंद छापली होती. आयुष मंत्रालयानं मात्र ती दुसरीच वेल असू शकते म्हटलं. कुंपणावरची वेल तोडून आणणाऱ्यानं ती ओळखायची कशी? नणंद बरी झाली. ग्रुपवर हे लिहू दिलं नाही तिनं.

धडगाव, आशाताई : पाड्यावर दाई कळा सुरू झाल्या की कमरेला मुळी बांधते. सुरुवातीला मी सोडायला सांगायचे, तर बाया मला घरातच घेईनात. आता म्हणते, मुळी राहू द्या, पण पोटात कसला काढा देऊ नका आणि १०२ ची गाडी आली की बसा. दाईलाही गाडीत घेते. ती बसली की सासू 'नको' म्हणत नाही.

जळगाव, बीएएमएस : माझ्याकडे येणाऱ्या बाया चूर्णाची पुडी पर्समधून काढतात, नाव माहीत नसतं. शुगरच्या गोळ्या चालू असतात आणि वर कोणीतरी दिलेली मेथी-गुळवेलीची पूड. साखर फार उतरू शकते. बंद करा म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "सासूबाईंना काय सांगू?" मी चिठ्ठीवर लिहून देते. डॉक्टरांनी लिहिलं म्हटलं की घरात वाद होत नाही.