मदत हवी आहे: चिपळूणची सेकंडहँड एक्सयूव्ही ५०० पुरात होती का, हे कसं ओळखायचं?

उंबरठा

मंडळी, जरा अडलोय.

घरात आई-बाबा, आम्ही दोघं, दोन मुलं आणि सुट्टीत हमखास आत्या. राहायला चिंचवड, गाव गुहागरकडे. सध्याची छोटी गाडी कुंभार्ली घाटात एसी बंद केल्याशिवाय चढत नाही, त्यामुळे सात सीटर हवीच आहे. नव्या गाडीचा हप्ता झेपणार नाही. सगळं मिळून, म्हणजे नावावर करणं, विमा आणि पहिलं मोठं काम धरून, नऊ लाखांच्या आत बसायला हवं.

इथल्या एका गाडीबाजारात महिंद्राची एक्सयूव्ही ५०० बघितली. डब्ल्यू ७, डिझेल, मॅन्युअल, डिसेंबर २०१८ चं रजिस्ट्रेशन, पासिंग एमएच-०८. म्हणजे २०१८ च्या फेसलिफ्टनंतरची, १५५ बीएचपीवाली. मीटरवर ६८ हजार किमी. आरसीवर अजून पहिल्याच मालकाचं नाव आहे, पत्ता चिपळूणचा. मागणी साडेआठ लाख. एजंटचं पालुपद ठरलेलं: सिंगल हँड, नॉन-अ‍ॅक्सिडेंट, शोरूम कंडिशन.

गाडी दिसायला खरंच छान आहे. चालवली तेव्हा पिकअप उत्तम, धूर नाही, क्लच हलका. आमचा नेहमीचा गॅरेजवाला सोबत होता. त्याने बॉनेट उघडून ऐकलं, खाली वाकून बघितलं आणि म्हणाला, "इंजिन गोड आहे, घेऊन टाका."

अडलंय ते पत्त्यावर. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत किती चढलं होतं ते आम्ही नंतर जाऊन बघितलंय. एजंटला विचारलं तर तो हसला. "साहेब, चिपळूणची सगळीच गाडी बुडाली होती का?" त्याचंही खरं आहे म्हणा. पण चार वर्षांनी, धुऊन-पुसून चकाचक केलेल्या गाडीत हे ओळखायचं कसं? मॉडेल २०२१ मध्ये बंद झालंय, त्याचा वेगळा त्रास होईल का, हेही सांगा.

सडाफटिंग

मॉडेल बंद झालं म्हणून घाबरू नका. या गाड्या रस्त्यावर भरपूर आहेत, फिल्टर-ब्रेकपॅडपासून शॉकअपपर्यंत सगळं मिळतं. फक्त क्लच कधी बदललाय ते विचारा. बदलायला आला असेल तर ड्युअल मास फ्लायव्हीलही (क्लचला लागून असलेलं इंजिनाचं जड चाक) तपासावं लागतं आणि तिथे बिल फुगतं. वरच्या गिअरमध्ये कमी वेगावर अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएम चढला आणि गाडी तशीच रेंगाळली, तर क्लच संपत आलाय. पुढच्या सस्पेन्शनसाठी काच खाली करून खराब रस्त्यावरून वीसच्या वेगाने न्या, खडखडाट कानावर येतोच.

आणि गाडी थंड असताना सुरू करून बघा. आधीच गरम करून ठेवलेली गाडी दाखवणं हा या बाजारातला सगळ्यात जुना खेळ. पोचल्या पोचल्या बॉनेटवर हात ठेवायचा.

मधली आळी

मी चिपळूणचाच. पुराच्या गाडीबद्दल लोक सांगतात, "खाली गंज आहे का बघा." कोकणातल्या गाडीला खालून गंज असणारच, खारी हवा आणि चार महिने पाऊस. सायलेन्सरवर, सस्पेन्शनच्या आर्मवर तांबूस थर दिसला तर त्यावरून काहीच ठरत नाही. गंज आत बघायचा. सीट ज्या रुळावर सरकते तो रूळ, सीटचे बोल्ट, डॅशबोर्डखाली पेडलच्या वर असलेल्या पट्ट्या, मागच्या रांगेच्या बिजागऱ्या. या जागी पाऊस पोचत नाही, पूर पोचतो.

दुसरं, सीटबेल्ट अगदी शेवटपर्यंत ओढा, सातही. रोज वापरात येतो तो भाग धुतात, गुंडाळीत राहिलेला शेवटचा हातभर कुणी धूत नाही. तिथे पाण्याची रेघ किंवा मातकट डाग दिसला तर तडक घरी या. बेल्टच्या लेबलवर तारीख असते तीही बघा. २०१८ च्या गाडीत एकच बेल्ट २०२१ चा निघाला, तर तो का बदलला हे विचारायचा हक्क आहे तुम्हाला.

आमच्याकडे पुराबरोबर आला तो गाळ. पाणी ओसरलं तरी गाळ महिनोन्महिने निघत होता. बारीक, पिठासारखा. कारपेट नवं घालता येतं, पण त्याखालचा फेल्ट, वायरिंगची नळी, ब्लोअरची पेटी, स्टेपनीजवळचे कोपरे इथे तो चिकटून राहतो. टॉर्च घेऊन जा.

रातराणी

या सगळ्याच्या आधी कागद बघा. विम्याच्या शेवटच्या पॉलिसीवर एनसीबी (नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) किती टक्के आहे?

उंबरठा

रातराणी ताई, एजंटने व्हॉट्सअ‍ॅपवर पॉलिसी पाठवली होती ती आत्ता उघडली. डिसेंबर २०२४ ते डिसेंबर २०२५, फुल इन्शुरन्स, नाव पहिल्या मालकाचंच. एनसीबी ३५ टक्के. हे चांगलं की वाईट?

रातराणी

चांगलं-वाईट नंतर, आधी हिशोब करू. (मी या धंद्यात होते, त्यामुळे सवय आहे.)

क्लेम न घेता एक वर्ष गेलं की नूतनीकरणाला २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५०. मध्ये एक क्लेम झाला की पुन्हा शून्यावर. डिसेंबर २०१८ ची गाडी एकदाही क्लेम न घेता चालली असती, तर डिसेंबर २०२३ लाच ५० वर पोचली असती. तुमच्याकडे डिसेंबर २०२४ ला ३५ आहे. मागे मोजत जा: २०२३ ला २५, २०२२ ला २०, २०२१ ला शून्य.

म्हणजे डिसेंबर २०२० ते डिसेंबर २०२१ या पॉलिसी वर्षात काहीतरी घडलं. जुलै २०२१ त्याच वर्षात येतो.

सडाफटिंग

अरे बापरे. हे माझ्या डोक्यात कधीच आलं नसतं.

घाटवाट

थांबा, इतक्यात फासावर लटकवू नका. बंपरचा क्लेम असला तरी एनसीबी जातोच. शिवाय पॉलिसी संपल्यावर ९० दिवसांत नूतनीकरण केलं नाही तरी जातो, आणि कोविडच्या काळात बऱ्याच जणांच्या पॉलिसी लोंबकळल्या होत्या. संशयाला जागा आहे, पुरावा नाही.

कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये गाडीच्या नंबरवर नोंदी असतात. कोणत्या तारखेला, किती किलोमीटरला, काय काम. त्यातून मीटर मागे फिरवलाय का तेही कळतं, आणि २०२१ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये गाडी तिथे किती दिवस पडून होती तेही. काही ठिकाणी परक्या माणसाला देत नाहीत. मग एजंटलाच सांगा, मालकाकडून काढून आण. ज्याला विकायचीय तो आणतो.

एक ओबीडी स्कॅनरही (गाडीच्या कॉम्प्युटरमधल्या नोंदी वाचणारं यंत्र) न्या. नुसते एरर कोड बघू नका, ते मिनिटात पुसता येतात. कोड पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली हा आकडा बऱ्याच स्कॅनरवर दिसतो. तो वीस-तीस निघाला तर कालपरवाच कुणीतरी सफाई केलीय. इग्निशन ऑन केल्यावर एअरबॅगचा दिवा लागून विझतो ना, तेही बघा. मुळात लागतच नसेल तर तो मुद्दाम काढलेला असू शकतो.

कट्ट्यावरचा

एवढ्या भानगडी कशाला? दिल्लीची गाडी आणा. याच पैशात दोन वर्षं नवी मिळेल.

घाटवाट

दिल्लीची डिझेल स्वस्त आहे कारण तिथे दहा वर्षांच्या वर डिझेल चालवण्यावर बंदीची टांगती तलवार आहे. इथे आणायची तर तिकडची एनओसी, मग महाराष्ट्राचा रोड टॅक्स पुन्हा, आणि तिकडचा परतावा मिळवायला मूळ मालकाच्या मागे लागायचं. स्वस्तातला अर्धा फायदा तिथेच जातो. ज्याला वेळ आहे त्याने करावं.

उंबरठा

अपडेट देतो. सगळ्यांचे आभार, मधली आळी यांचे विशेष.

शनिवारी सकाळी न सांगता गेलो. गाडी थंड होती, एका सेल्फला सुरू झाली, इंजिनात खरंच खोट काढण्यासारखं काही नाही. ऑइलचं झाकण काढून बघितलं, धूर भसाभसा येत नव्हता. पुढच्या सीटचे रूळ स्वच्छ, चकचकीत. जरा जास्तच चकचकीत वाटले, पण तो माझा संशयी स्वभाव. बेल्ट ओढले. पुढचे दोन्ही साफ. मधल्या रांगेतला डावीकडचा शेवटपर्यंत ओढला तर टोकाला पिवळट पट्टा. आत्याच्या जुन्या साड्यांना कपाटात पडतो तसा. सगळ्यात मागच्या रांगेच्या बिजागऱ्या सरळसरळ गंजलेल्या. एजंट म्हणाला, "मुलांनी पाणी सांडलं असेल."

मग बायको म्हणाली, आरसीवर मालकाचं नाव-गाव आहे, सरळ त्यांनाच विचारू. गुहागरच्या एका ओळखीच्यांमार्फत फोन लागला. गृहस्थ अत्यंत सरळ निघाले. गाडी पार्किंगमध्ये उभी होती, पाणी सीटच्या वर आलं होतं, सुरू करण्याचा प्रयत्न केला नाही, टो करून नेली, विम्यातून दुरुस्त झाली, पुढे चार वर्षं बिनतक्रार वापरली आणि यंदा नवी घेताना एक्स्चेंजमध्ये दिली. "मी घेणाऱ्याला हे सांगूनच दिली होती," असं म्हणाले. म्हणजे लपवाछपवी मधल्यामध्ये झाली.

आता एजंट सात लाखांवर आलाय. आणि मी पुन्हा अडलोय! पाण्यात असताना इंजिन सुरू केलं नव्हतं, चार वर्षं चाललीय. दीड लाख कमी. घ्यावी का?

सडाफटिंग

मी घेईन. सुरू न करता टो केली हे फार महत्त्वाचं. बुडालेलं इंजिन सुरू केलं की सिलिंडरमध्ये पाणी जातं, पाणी दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतात. ते इथे झालेलं नाही.

मधली आळी

मी घेणार नाही. इंजिनाची मला काळजीच नाही. सीटच्या वर पाणी म्हणजे कारपेटखालच्या वायरिंगचे सगळे जोड पाण्यात होते, आणि एअरबॅगचा कंट्रोल युनिट गाड्यांत बहुधा मधल्या कन्सोलखाली, जमिनीलगतच असतो. तांब्याचे जोड हिरवे पडायला वर्षं लागतात. आज सेन्सर, उद्या पॉवर विंडो, परवा रात्री घाटात डॅशबोर्डवर दिवाळी. एकटा माणूस असता तर म्हटलं असतं घ्या, हौस करा. आई-बाबांना घेऊन पावसाळ्यात कुंभार्ली उतरायचा आहे तुम्हाला.

रातराणी

मधली आळींशी सहमत. भर म्हणून: उद्या तुम्ही विकायला काढाल तेव्हा समोरचाही हाच धागा वाचून येईल.

एअरबॅग मॉड्यूल बदलल्याचं बिल मालकांकडे असेल तर मात्र माझं मत थोडं बदलेल. दुरुस्ती विम्यातून झाली असल्याने कामाची यादी असणारच. तेवढं विचारा.

उंबरठा

विचारलं. त्यांनी बिलाचा फोटो पाठवला. स्टार्टर, अल्टरनेटर, कारपेट, सीटकव्हर, मीटर कन्सोल बदललेत. एअरबॅग मॉड्यूल यादीत नाही, वायरिंगसमोर "साफसफाई" इतकंच लिहिलंय.

सोडतोय. एजंटला कळवलं.

दुसरी एक बघितलीय, एमएच-१५, नाशिकची, २०१७ ची, मालकाकडूनच थेट, किलोमीटर जास्त आहेत (९४ हजार) पण एनसीबी ५० आणि सर्व्हिसच्या नोंदी सलग. आरसीवर बँकेचा बोजा मात्र अजून आहे.

घाटवाट

ही जास्त बरी वाटते. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय टोकनपलीकडे एक रुपया देऊ नका. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०. कोऱ्या फॉर्मवर सह्या घेऊन "नंतर करू" अजिबात नको, त्याचा तोटा विकणाऱ्यालाही आहे. आरसीवर ज्याचं नाव तोच अपघाताच्या भरपाईला जबाबदार, हे सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय. त्यांना हे सांगा, स्वतःहून आरटीओत येतील. गाडीच्या नंबरवर ई-चलन थकलेली आहेत का, तेही परिवहनच्या पोर्टलवर बघा. एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी आहे, तेव्हा एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबरप्लेट) पाटी बसवलीय का तेही.

रातराणी

आणि ते ५० टक्के बघून विम्यात बचत होईल असं धरू नका. एनसीबी माणसाचा असतो, गाडीचा नाही. तो मालक आपल्या पुढच्या गाडीला नेणार, तुम्ही शून्यापासून. पॉलिसी नावावर करायला हस्तांतरणापासून १४ दिवस.

उंबरठा

नोंद केली. नाशिकमध्ये स्कॅनर असलेला, पैसे घेऊन तटस्थपणे गाडी तपासणारा कुणी मेकॅनिक माहीत असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. पुढच्या रविवारी जायचं ठरतंय, सकाळी सातला पोचेन म्हणजे बॉनेट थंड सापडेल.