विषय: दिवाळी अंक – ‘पाहा पृष्ठ’चे आकडे चुकतायत, तातडीने मदत हवी

नमस्कार मंडळी,

अंक सोमवारी छापखान्यात द्यायचाय आणि मी सकाळपासून आकड्यांशी झगडतेय. वर्डच्या फाइलमध्ये ‘पाहा पृष्ठ अमुक’ असे २३ उल्लेख आहेत. अनुक्रमणिका बरोबर दिसते, आतले आकडे मात्र जुनेच. फराळाच्या लेखात ‘भाजणीचं प्रमाण: पाहा पृष्ठ ३४’ असं आहे. ३४ वर आता श्रद्धांजलीचं पान आलंय. चकलीची भाजणी शोधणारा माणूस तिथे जाऊन पोचावा, हे मला अजिबात सहन होत नाही. शिवाय तीन ठिकाणी आकड्याऐवजी ‘एरर! बुकमार्क नॉट डिफाइन्ड’ असं ठळक अक्षरांत आलंय. कुणाला यातलं कळत असेल तर कृपया आजच लिहा.

– अंक संपादक

---

अगं, हाताने एकही आकडा टाकू नकोस. पुढचा बदल झाला की तोही चुकणार.

तू अनुक्रमणिकेवर राइट क्लिक करून तेवढीच अपडेट केलीस ना? बाकीचे आकडे ही वेगळी फील्ड्स (वर्डने स्वतः आकडा भरायच्या जागा) असतात, ती आपणहून बदलत नाहीत. कंट्रोल-ए करून एफ९ दाब. लॅपटॉपवर बहुधा एफएन धरून दाबावं लागेल.

मग ऑल्ट-एफ९ दाब. खरे संदर्भ महिरपी कंसात ‘पेजरेफ’ म्हणून दिसतील. जिथे नुसता आकडाच राहील, तो कुणीतरी हाताने टाइप केलाय. पुन्हा ऑल्ट-एफ९ केलंस की सगळं पूर्ववत.

आता एरर. ज्या तीन लेखांकडे ते संदर्भ जातात, त्यांच्या सुधारित प्रती लेखकांनी पाठवल्या आणि आपण जुना लेख शीर्षकासकट पुसून नवा पेस्ट केला, असं झालंय का? संदर्भ देताना वर्ड शीर्षकाभोवती एक लपलेला बुकमार्क, म्हणजे खूण, ठेवतं. शीर्षक पुसलं की तोही जातो आणि एफ९ कितीही दाबलं तरी परत येत नाही. तिथे रेफरन्सेसमधून क्रॉस-रेफरन्स नव्यानेच घालावा लागेल: प्रकार ‘हेडिंग’, आणि ‘इन्सर्ट रेफरन्स टू’मध्ये ‘पेज नंबर’. शीर्षक यादीत दिसलं नाही तर ते नुसतं ठळक केलेलं असणार, त्याला आधी हेडिंग स्टाइल दे.

– मागच्या अंकाचा संपादक

---

काका, अगदी तेच झालं होतं! तिन्ही लेख मीच पेस्ट केले होते. एरर गेले, हाताने टाइप केलेले चार सापडले, तेही बदलले. पण रांगोळीच्या चौकटीतला आकडा अजून जुनाच आहे.

---

टेक्स्ट बॉक्समधला मजकूर बाहेरच्या कंट्रोल-एमध्ये येत नाही. चौकटीत क्लिक करून तिथे पुन्हा कंट्रोल-ए, एफ९. तळटीपांत संदर्भ असतील तर तिथेही असंच.

आणि कागद बघितलास का? जुळणी पुण्यात झालीय, म्हणजे फाइल ए४ वर असणार. इथे आपल्याला ‘लेटर’ आकाराच्या कागदावर छापायचं. लेटर रुंदीला सुमारे ६ मिलिमीटर जास्त, पण उंचीला १८ मिलिमीटर कमी, त्यामुळे पानागणिक ओळी पुढे सरकतात. आधी लेआउटमध्ये साइझ लेटर कर, मगच एफ९. पीडीएफही त्याच कॉम्प्युटरवरून काढ. दुसरीकडे कोकिला फॉन्ट नसेल तर वर्ड भलताच फॉन्ट लावतं आणि सगळी पानं पुन्हा हलतात.

---

फाइल ए४ वरच होती, काका. लेटर केल्यावर अंक ७२ पानांचा ७६ झाला आणि भाजणी गेली ३९ वर! आता चौकटीसकट सगळे आकडे जुळले. छापखान्याला पानं चारच्या पटीत लागतात, तेही बरोबर बसलं.

तरी कागदावर एकदा तपासायचंच आहे. एकाने ‘पाहा पृष्ठ’ वाचायचं, दुसऱ्याने ते पान उघडायचं. रविवारी दुपारी दोघंजण माझ्याकडे येऊ शकाल का? जेवायलाच या.