शर्करा ‘सक्रिय’ करणारी विकरं पेशीत असतात कुठे? शब्द सुचवा

भाचीच्या प्रोजेक्टसाठी एक उतारा मराठीत करून देतोय. प्राण्यांच्या पेशीत शुगर अ‍ॅक्टिव्हेट करणारी एन्झाइम्स कुठे असतात, असा विषय. मी टाइप केलं ‘शर्करा सक्रिय करणारी विकरे पेशीद्रव्यात असतात’, फोनने विकरेचं परस्पर विकार केलं, मी न बघता पाठवून दिलं आणि पाच मिनिटांत ताईचा फोन, कुणाला शुगर निघाली रे? तर एक म्हणजे विकर ठेवू की सरळ एन्झाइम, आणि दुसरं म्हणजे ‘सक्रिय’ बरोबर वाटतंय का?

—

एन्झाइमच ठेवा हो. विकर शाळेच्या पुस्तकात ठीक आहे, पण एक काना जास्त पडला की रोगच होतो, ते तुम्ही अनुभवलंच :)

सक्रिय मात्र मला खटकतं. सक्रिय म्हटलं की ती साखर स्वतः काहीतरी करतेय असं वाटतं, सक्रिय राजकारणात उतरल्यासारखी. इथे तसं काहीच नाही. ग्लुकोजला आधी फॉस्फेट लागतो, मग ते यूटीपी नावाच्या छोट्या रेणूशी (एक न्यूक्लिओटाइड) जोडलं जाऊन यूडीपी-ग्लुकोज होतं, म्हणजे बादलीला कडी लावली एवढंच, उचलणारा दुसराच. त्या कडीला धरून पुढची एन्झाइम्स साखर उचलतात आणि ग्लायकोजेनला (शरीरातला साखरेचा साठा) नाहीतर प्रथिनाला नेऊन चिकटवतात. ही यूडीपीवाली साखर अर्जेंटिनाच्या लुईस लेलुआर यांनी शोधली, त्याबद्दल १९७० चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं त्यांना. मी असतो तर ‘सज्ज शर्करा’ लिहिलं असतं. कुणीतरी ‘भारित’ सुचवेल, पण त्याने विजेचा भार डोक्यात येतो, नको.

—

सज्ज छान आहे, घेऊन टाका. पण मूळ वाक्यातली मोठी चूक कुणी बघितलीच नाही, पेशीद्रव्य. पेशीद्रव्य म्हणजे केंद्रकाच्या बाहेरचं सगळं, आतल्या अंगकांसकट (पेशीतले छोटे अवयव), आणि पेशीद्रव म्हणजे अंगकं वगळून उरतो तो नुसता पातळ भाग. फरक एका ‘य’चा आहे पण इथे तोच महत्त्वाचा, कारण यूडीपी-ग्लुकोज, जीडीपी-मॅनोज (साखर दुसरी, कडी दुसरी) वगैरे बनवणारी एन्झाइम्स पेशीद्रवात असतात आणि तो माल वापरला जातो बराचसा गॉल्गी नावाच्या अंगकात, मग त्याच्या पडद्यातून आत न्यायला वेगळे वाहक लागतात, ते एक सज्ज साखर आत घेतात आणि रिकामी झालेली कडी बाहेर सोडतात. तुम्ही सरसकट पेशीद्रव्य लिहिलंत तर ही सगळी ने-आण कशासाठी तेच वाचणाऱ्याला कळणार नाही.

आणि एक शर्करा या पंगतीत बसतच नाही, सायॅलिक आम्ल. (नाव लाळेच्या ग्रीक शब्दावरून, गाईच्या लाळग्रंथीतल्या चिकट द्रव्यातून पहिल्यांदा वेगळं केलं म्हणून.) त्याला कडी लागते सीएमपीची, एकाच फॉस्फेटची, आणि ती लावणारं एन्झाइम आपल्यासारख्या सस्तन प्राण्यांत चक्क केंद्रकात असतं! त्याच्या साखळीतच केंद्रकात शिरायची चिठ्ठी लिहिलेली असते. तयार माल मग केंद्रकाच्या छिद्रांतून बाहेर येतो आणि तिथून गॉल्गीत जातो, म्हणजे कोथरूडहून स्वारगेटला जायचं तर आधी हडपसर. फळमाशीत मात्र हेच एन्झाइम गॉल्गीत सापडतं.

—

फॉस्फेट लावण्यालाच अ‍ॅक्टिव्हेशन म्हणत असाल तर आणखी गोंधळ आहे. ग्लुकोजला फॉस्फेट लावणारी हेक्सोकायनेज १ आणि २ ही एन्झाइम्स तंतुकणिकेच्या (मायटोकॉन्ड्रिया) बाहेरच्या पटलाला चिकटून बसतात, तिथे फॉस्फेट देणारा एटीपी ताजा मिळतो. हेच काम करणारं यकृतातलं ग्लुकोकायनेज तर उपाशीपोटी केंद्रकात अडकवून ठेवलेलं असतं, जेवलात की सुटून बाहेर येतं. तेव्हा आधी मूळ लेखात कुठली पायरी म्हटलीय ते बघा, न्यूक्लिओटाइडची, म्हणजे कडी लावण्याची, असेल तर वरचं सगळं लागू.

जाता जाता, साखर आणि शर्करा दोन्ही एकाच घरचे, संस्कृतात शर्करा म्हणजे खडी, वाळू. तोच शब्द प्राकृतातून ग्रीकात गेला आणि रसायनवाले आज सॅकराइड म्हणतात तो तिथूनच आला. म्हणून शर्करा लिहायला लाजू नका.

—

बघितलं, न्यूक्लिओटाइडच आहे. आता वाक्य असं केलंय: ‘शर्करा सज्ज करणारी बहुतेक एन्झाइम्स पेशीद्रवात असतात, सायॅलिक आम्लाचं मात्र केंद्रकात.’ फोनने पेशीद्रवचं पेशीद्रव्य केलं होतं, या वेळी पाठवायच्या आधी पकडलं.