२०१६च्या ‘ब्लेअर विच’ला मूळ सिनेमाच्या वर बसवणाऱ्यांना उत्तर (शेवट फुटला आहे)

डिचोलीकर
१९९९चा मूळ ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’ म्हणजे जंगलात हरवलेल्या तीन विद्यार्थ्यांचं, नंतर सापडलेलं शूटिंग असल्यासारखा बनवलेला भयपट. काल इथे एकाने लिहिलं, २०१६चा भाग त्यापेक्षा सरस, कारण ड्रोन आहे, कानावरचे कॅमेरे आहेत, चित्र स्वच्छ आहे. कॅमेरे वाढले म्हणून भीती वाढत नाही हो! मूळ सिनेमात दोनच कॅमेरे: रंगीत हाय-८ (कॅसेटवरचा) व्हिडिओ आणि कृष्णधवल १६ मिमी फिल्मचा. त्या १६ मिमीच्या चित्रासोबत आवाज भरला जात नाही. शेवटच्या घरात त्या तिघांतल्या हेदरच्या हातात तोच आहे, आणि आपण ऐकतो ते पुढे धावलेल्या तिच्या साथीदाराच्या, माइकच्या, व्हिडिओतलं. म्हणून चित्र तिच्या डोळ्यांचं, पण तिची किंकाळी लांबून. माइकचा कॅमेरा तळघरात पडतो, ती खाली येते तसा तिचा आवाज जवळ येतो. भीती त्या अंतरात आहे. २०१६मध्ये आवाज सगळीकडून सारखाच भरून येतो. वर मित्रच फ्रेममध्ये घुसतो आणि धाडकन दणका. एकदा नाही, पुन्हा पुन्हा.

रानचाफा
दणक्यांचं मान्य. पण २०१६ची नायिका लिसा भुयारातून सरपटते तो प्रसंग बघा. कॅमेरा कानावर, दोन्ही हात मातीत, तिथे हातातला कॅमेरा चाललाच नसता. ‘जीव जात असताना हा शूट का करतोय’ हा या प्रकाराचा जुना आक्षेप तिथे मिटतो. आणि सुरुवातीच्या टेपमधली बाई हेदर नसून लिसाच, हे वेळेचं वेटोळं मूळ सिनेमात कुठे होतं? २०००च्या दुसऱ्या भागाने तर फाउंड फुटेज, म्हणजे ‘सापडलेल्या शूटिंग’ची ही शैली, जवळजवळ सोडूनच दिली होती. २०१६चा दिग्दर्शक अॅडम विंगार्डने निदान ती परत आणली.

फोंडेकर
अमेरिकेचं राहू द्या, आपल्याकडे गोव्यात काय चाललंय ते बघा. देवचारावरची शॉर्ट फिल्म म्हटली की पहिला शॉट सत्तरीच्या रानावरून ड्रोनचा. देवचार म्हणजे लोकांच्या श्रद्धेतला गावचा राखणदार, सीम राखणारा, रात्री वाट चालणारा. त्याला आभाळातून कोण बघणार? अभयारण्यात वनखात्याची परवानगी लागते ती वेगळीच. त्यापेक्षा चांगला रेकॉर्डर घ्या, कलाकाराच्या कॉलरला माइक लावा, आवाज स्वच्छ घ्या.

डिचोलीकर
फोंडेकरबाब, स्वच्छ आवाजानेच तर घात होतो! हातातल्या कॅमेऱ्याला आपोआप आवाजपातळी बदलायची सवय असते. कोणी ओरडलं की पातळी झटकन खाली, मग हळूहळू वर, आणि मागची सरसर वाढत जाते. त्या सरसरीत माणूस कान टवकारतो. कॉलरच्या माइकवर ती मिळत नाही.

फोंडेकर
आणि संवाद कळले नाहीत तर? काही थिएटरांत आवाज कमी ठेवतात, घरी लोक फोनच्या स्पीकरवर बघतात. त्यावर ४० हर्ट्झची घरघर उमटतच नाही. ‘पॅरानॉर्मल अॅक्टिव्हिटी’त भूत यायच्या आधी जो खोल गुरगुराट येतो, तो फोनवर शून्य. तुमचं शास्त्र ऐकणार कोण?

काणकोणकर
दोघेही अर्धं सांगताय. आवाज स्वच्छच घ्या, पण एडिटिंगमध्ये कॉम्प्रेसर (मोठा आवाज आपोआप दाबणारा इफेक्ट) लावा: अटॅक, म्हणजे दाबणं, जलद; रिलीज, म्हणजे सोडणं, संथ, एक-दोन सेकंदांचं. सरसर तशीच वर येते, संवाद हातात राहतात. खोल गुरगुराटावर १५० ते ३०० हर्ट्झमध्ये एक थर चढवा, मग फोनवरही काहीतरी पोचतं.
फोनचं स्टॅबिलायझेशन (हादरे आपोआप घालवणं) बंद, एक्स्पोजर (उजेडाची पातळी) लॉक. नाहीतर बॅटरीचा उजेड हलला की चित्र भकभकतं. फोन फ्रेम-रेट (सेकंदाला किती चित्रं) स्थिर ठेवत नाही, लांब क्लिपमध्ये ओठ आणि आवाज सुटतात. एडिटिंगआधी हँडब्रेक या व्हिडिओ रूपांतराच्या सॉफ्टवेअरमधून स्थिर फ्रेम-रेट करून घ्या. जुलैत एसी गाडीतून उतरताच लेन्सवर वाफ धरते. कॅमेरा गाडीतच झिपच्या पिशवीत बंद करा, बाहेर अर्धा तास तसाच ठेवा, मग काढा.
आणि बेडकांचा, रातकिड्यांचा आवाज कटवर तुटतो म्हणून क्रॉसफेड (एक आवाज विरत दुसरा चढवणं) मारू नका. कॅमेरा बंद करून पुन्हा चालू केला की आवाज तुटणारच. तो सांधा झाकला की फुटेज ‘सापडलेलं’ राहत नाही.

रानचाफा
मग २०१६चा नेमका आवाजातच पडतो, असं म्हणा. भुयार मात्र मी सोडणार नाही.

डिचोलीकर
भुयार घ्या. ती दहा मिनिटं चांगली आहेत, बाकी नाहीत. कॉम्प्रेसरचंही चालेल, पण रिलीज फार कमी ठेवलात तर आवाज धापा टाकल्यासारखा ऐकू येईल, आणि ते लगेच पकडलं जातं.

फोंडेकर
ड्रोनवर कोणी बोललंच नाही.