आंब्याच्या हंगामात संगणकाचे सुरक्षा अपडेट थांबवावे का?

मूळ मत : देवगड, आंबा बागायतदार

मार्चपासून मे अखेरपर्यंत माझ्या शेडमधल्या संगणकावर मी एकही अपडेट होऊ देत नाही, आणि इतर बागायतदारांनीही तसेच करावे असे माझे स्पष्ट मत आहे. गेल्या हंगामात वाशी बाजाराला जाणारी गाडी दारात उभी असताना संध्याकाळी सहा वाजता संगणक आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होऊ लागला. पडद्यावर तीस टक्के, पस्तीस टक्के असे आकडे चढत होते आणि एकशे चाळीस पेट्यांची चलने छापायची बाकी होती. शेवटी मुलीने ती हाताने लिहिली, घाईत दोन व्यापाऱ्यांच्या पेट्यांची अदलाबदल झाली आणि पट्टीचा, म्हणजे विक्रीच्या हिशेबाचा, घोळ निस्तरायला पंधरा दिवस गेले. चोर येईल तेव्हा येईल; हे नुकसान त्याच दिवशी झाले. अपडेट पाऊस लागल्यावर निवांत करावे.

प्रतिसाद : उरण, संगणक दुरुस्ती

आपला मजकूर वाचून राहवले नाही, म्हणून सविस्तर लिहितो. आपले नुकसान अपडेटमुळे झाले नाही. संगणक कोणत्या वेळी पुन्हा सुरू व्हावा हे न ठरवल्यामुळे झाले. कामाचे तास नेमून देण्याची सोय विंडोजमध्ये आहे. ती न वापरता तीन महिने दार उघडे ठेवण्याचा सल्ला आपण चारचौघांना देत आहात.

फाईली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या वॉनाक्राय या व्हायरसची तारीख आठवून पाहावी. तो विंडोजमधल्या ज्या भोकातून शिरला, ते बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी दिले आणि हल्ला झाला १२ मे रोजी. दीडशेहून अधिक देशांतले संगणक अडकले, इंग्लंडमधल्या रुग्णालयांना रुग्ण परत पाठवावे लागले. मार्चचा मध्य ते मेचा मध्य, म्हणजे नेमका आपला हंगाम. अपडेट जाहीर झाले की जुनी आणि नवी फाईल ताडून भोक कुठे होते हे हल्लेखोरांनाही शोधता येते, त्यामुळे न बुजवलेल्या संगणकाचा धोका त्या दिवसापासून वाढत जातो. पाऊस लागल्यावर अपडेट करणे म्हणजे बैल गेला आणि झोपा केला.

माझ्याकडे एका मासळी व्यापाऱ्याचा संगणक आला होता. अपडेट कित्येक महिने थांबवलेले. बर्फ, डिझेल, खलाशांना दिलेली उचल, सगळ्या हिशेबाच्या फाईली जागेवर होत्या, पण प्रत्येकीच्या नावापुढे एकच अनोळखी शेपूट जोडलेले आणि एकही उघडत नव्हती. तो गृहस्थ दुकानात खुर्चीवर बसून राहिला, चहासुद्धा घेतला नाही. आणि २७ जून २०१७ ला नॉटपेट्या या तशाच व्हायरसने आमच्याच तालुक्यातल्या जेएनपीटी बंदराच्या एका टर्मिनलचे काम ठप्प केले होते, हेही विसरू नये.

प्रतिसाद : चिपळूण, करसल्लागार

उरणच्या सद्गृहस्थांनी दिलेले शेवटचे उदाहरण त्यांच्यावरच उलटते. नॉटपेट्या मुळात पसरला तो युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. शिवाय तो संगणकाच्या स्मृतीतून पासवर्ड उचलत असल्याने, मार्चचे अपडेट केलेले संगणकही सुटले नाहीत. ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोजच्या मोठ्या अपडेटने काही लोकांच्या फाईलीच पुसल्या आणि मायक्रोसॉफ्टला ते मागे घ्यावे लागले. मार्च २०२१ च्या सुरक्षा अपडेटनंतर ठरावीक प्रिंटरांवर छपाईची आज्ञा देताच निळा पडदा येऊन संगणक बंद पडत होता.

माझी अडचण तारखेची आहे. विंडोजचे सुरक्षा अपडेट महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येते, म्हणजे ८ ते १४ तारखेच्या दरम्यान. आणि मासिक जीएसटीआर-१ ची, म्हणजे विक्रीच्या जीएसटी विवरणपत्राची, मुदत ११ तारीख. बुधवारी सकाळी संगणक उघडताना माझ्या पोटात गोळा येतो. माझ्यापुरता नियम असा, की आठवडाभर इतरांचे काय होते ते पाहावे आणि मगच हात घालावा.

प्रतिसाद : गुहागर, सेवा केंद्रचालक

आपण तिघेही विजेबद्दल अवाक्षर काढत नाही. देवगडकर म्हणतात पावसात करावे! आमच्याकडे पहिला वळीव कोसळला की तारांवर फांदी पडते. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडच्या कित्येक गावांत दिवसचे दिवस अंधार होता; पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते आले. अर्धे अपडेट झालेले असताना वीज गेली तर काय होते, हे सांगावे.

उरण : बहुतेक वेळा संगणक स्वतःच मागच्या स्थितीवर येतो, सदैव येईलच असे नाही. इन्व्हर्टर आहे ना?

गुहागर : आहे, पण वीज जाताच संगणक एकदा बंद होऊन पुन्हा सुरू होतो.

उरण : इन्व्हर्टरला यूपीएसची वेगळी कळ असते, ती पाहावी. साध्या स्थितीत बॅटरीवर जायला वेळ लागतो आणि संगणक तेवढा तग धरत नाही.

चिपळूण : बॅटरीचे पाणी कोण पाहतो? २२ जुलै २०२१ च्या पुरात माझ्या कार्यालयातला इन्व्हर्टर, बॅटरी आणि संगणक एकाच वेळी चिखलात गेले. वाचली ती फक्त घरी नेलेली हार्ड डिस्क. तेव्हापासून मी म्हणतो, अपडेटच्या आधी फाईलींची प्रत काढा आणि ती दुसऱ्या जागी, वरच्या मजल्यावर ठेवा.

देवगड : विषय माझ्या शेडचा होता, तो बॅटरीच्या पाण्यावर गेला. उरणकरांना एक विचारतो : आपल्या दुकानातून वाशीची गाडी सुटते का? अक्षय्य तृतीयेच्या आधीच्या आठवड्यात एक संध्याकाळ चुकली तर दर हातचा जातो. शहाणपण शिकवणे सोपे असते.

उरण : शहाणपण शिकवत नाही, हात जोडून सांगतो. हंगामभराचे हिशेब गेले तर एक संध्याकाळ नव्हे, अख्खे वर्ष जाईल. चिपळूणकरांचे आठवडाभर थांबणे मी मान्य करतो. लहान व्यवसायाला ते योग्यही आहे. पण आठवडा म्हणजे आठवडा, तीन महिने नव्हे.

देवगड : ठीक आहे. सात दिवस थांबेन, नंतर ज्या दिवशी गाडी नसेल त्या दुपारी, प्रत काढून, मुलीला समोर बसवून करीन. तृतीयेच्या आठवड्यात मात्र अपडेट करणार नाही. आता एक विचारायचे राहिले : वजनकाट्याला जोडलेला दुसरा संगणक विंडोज ७ चा आहे. त्याला अपडेट येतच नाही.

उरण : येणारही नाही, त्याला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार १४ जानेवारी २०२० लाच संपला. काट्यासाठी तो खुशाल वापरा, पण त्याची इंटरनेटची तार आजच काढा, आणि त्यात लावलेला पेनड्राइव्ह चलनाच्या संगणकाला लावू नका.

देवगड : पेनड्राइव्ह रोज लावतो. उद्यापासून वजने वहीत लिहून घेतो.