चार्जर लावला की स्पीकरमध्ये गुणगुण, आणि डॅकवर कायम ४८

तंबोरा_तार:
जोडणी अशी: विंडोज ११ लॅपटॉप, यूएसबी डॅक (डिजिटल आकड्यांचा आवाजाचा सिग्नल करणारा डबा), आरसीए केबल, अँप्लिफायर. गाणी सीडीवरून काढलेली फ्लॅक (दर्जा न घटवता लहान केलेल्या फाइल), १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ. चार्जर लावला की बारीक गुणगुण येते, माउस हलवला की तिच्यात चरचर मिसळते. शिवाय काहीही वाजवलं तरी डॅक ४८ किलोहर्ट्झच दाखवतो. महागडी यूएसबी केबल घ्यावी का?

जाडतार:
केबलवर पैसे घालवू नका. चार्जर काढल्यावर आवाज पूर्ण थांबत असेल तर हा ग्राउंड लूप आहे. चार्जरचं अर्थिंग आणि अँप्लिफायरचं अर्थिंग यूएसबी व आरसीएच्या शील्डमधून जोडलं जातं, आणि लॅपटॉपमधला कचरा त्या शील्डवरून वाहतो. आधी दोन्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावून बघा. बऱ्याचदा तेवढ्यानेच कमी होतं. चार्जरची अर्थिंगची पिन मात्र कधीही तोडू नका, ती जीव वाचवण्यासाठी असते.

तरी राहिलं तर यूएसबी आयसोलेटर, म्हणजे डेटा जाऊ देऊन विजेची जोडणी तोडणारा छोटा डबा. इथे एक मेख आहे: स्वस्तातले आयसोलेटर १२ मेगाबिटवर अडतात. त्यातून २४ बिट / ९६ किलोहर्ट्झपर्यंत जातं, पण डॅक त्याहून वेगवान हाय-स्पीड यूएसबीच मागणारा असेल तर तो ओळखलाच जाणार नाही. आरसीएमध्ये लावायचे छोटे ट्रान्सफॉर्मरही मिळतात, पण हलके असले तर खर्ज खातात.

शुद्धगंधार:
डेस्कटॉप असता तर ऑप्टिकल आउटपुट सुचवलं असतं. त्या तारेतून वीजच वाहत नाही, प्रश्न मुळातच मिटतो.

आता ४८ चं. विंडोजचा मिक्सर सगळे आवाज एकाच रेटवर (सेकंदाला किती नमुने) आणून मिसळतो, तुमच्याकडे तो ४८ वर आहे. ४४.१ चं ४८ करणं म्हणजे १४७ नमुन्यांचे १६० बनवणं, मधले नवे आकडे गणिताने काढलेले. फूबार २००० (गाणी वाजवायचं सॉफ्टवेअर) मध्ये प्रेफरन्सेस, आउटपुट उघडा आणि डॅकच्या नावापुढे ‘एक्स्क्लुझिव्ह’ लिहिलेली नोंद निवडा. मग मिक्सर वगळला जातो आणि डॅकवर ४४.१ दिसायला हवं. कानाला फरक कळेलच असं नाही, पण फुकट आहे.

तंबोरा_तार:
एका बोर्डवर लावल्यावर गुणगुण गेली. ४४.१ पण आलं! पण आता ब्राउझरचा आवाज बंद, आणि अधूनमधून टक-टक होतं.

शुद्धगंधार:
ब्राउझर मुका झाला ते बरोबरच आहे. डॅक एकट्या फूबारच्या ताब्यात आहे. गाणं थांबवा (नुसतं पॉज नको), आवाज परत येईल.

जाडतार:
टक-टक म्हणजे डेटा वेळेत पोचत नाही. फूबारमध्ये बफर (आधीच भरून ठेवलेला आवाजाचा साठा) एक सेकंदाच्या आसपास ठेवा, गाणी ऐकताना उशिराने काही बिघडत नाही. मग पॉवर ऑप्शन्समध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड (वीज वाचवायला यूएसबी उपकरण झोपवणारी सोय) बंद करा आणि डॅक हबमधून काढून थेट पोर्टला लावा. तरीही चालू राहिलं तर लेटन्सीमॉन (कोणता ड्रायव्हर अडथळा आणतो ते दाखवणारं सॉफ्टवेअर) दहा मिनिटं चालवा. बहुतेक वेळा वायफायचा ड्रायव्हर सापडतो. वायफाय बंद केल्यावर टक-टक थांबली तर ड्रायव्हर बदला, डॅक नाही.


फक्त गाणं बदलतानाच एकदा टक होत असेल आणि दोन गाण्यांचे रेट वेगळे असतील, तर तो डॅकमधला रिले (विजेवर चालणारा छोटा स्विच) आहे. त्याला हात लावायची गरज नाही.