किंग्जले यांचा गांधी ही नुसती नक्कल आहे का?

पाचपाखाडीकर

दोन ऑक्टोबरला आमच्या सोसायटीच्या सभागृहात रिचर्ड ॲटनबरो यांचा 'गांधी' दाखवला. दुसऱ्याच दिवशी ऐरोलीकर यांनी इथे या चर्चेत लिहिले की, त्यात गांधीजींची भूमिका करणाऱ्या बेन किंग्जले यांनी अभिनय केलेलाच नाही, छायाचित्रांची नक्कल केली, आणि ऑस्कर मिळाले ते टक्कल, चष्मा आणि काठी यांना. ते वाक्य दोन दिवस डोक्यातून जाईना, म्हणून सविस्तर लिहितो.

नक्कल करणारा नट छायाचित्रात दिसते तेवढेच करू शकतो. दक्षिण आफ्रिकेत भारतीयांवर लादलेले परवाने गांधी जाळतात, तो प्रसंग आठवून पाहा. दंडुका बसतो, कोटातला तरुण वकील कोसळतो, आणि जमिनीवर पडलेल्या त्या माणसाचा हात पुन्हा परवाना उचलून विस्तवाकडे सरकतो. तो हात थरथरतो. तिथे टक्कल नाही, काठी नाही, पंचा नाही. चेहऱ्यावर हौतात्म्याचा आव तर मुळीच नाही. पुढचा तडाखा बसणार हे पक्के ठाऊक असलेल्या माणसाची भीती आहे, आणि ती भीती असतानाही हात थांबत नाही. हे कोणत्या छायाचित्रावरून उचलले, ते ऐरोलीकरांनी सांगावे.

१८९३ साली आगगाडीच्या डब्यातून बाहेर काढलेला तेविशीचा वकील आणि १९४८ सालचा अठ्ठ्याहत्तर वर्षांचा म्हातारा, ही दोन्ही टोके सदतिशीच्या एका नटाने गाठली आहेत. त्याने संपूर्ण गांधी उभे केले, असे माझे ठाम मत आहे.

ऐरोलीकर

मी हे हवेत बोललेलो नाही. राज्य नाट्य स्पर्धेतल्या एका नाटकात मी स्वतः गांधीजींची भूमिका केली आहे आणि त्यासाठी दोन महिने पेटी चरख्यासमोर बसलो आहे. उजव्या हाताने चाक फिरवायचे, डाव्या हाताने कापसाचा पेळू मागे ओढत न्यायचा, आणि संवादासाठी तोंड उघडले की धागा तुटायचा. शेवटी दिग्दर्शकांनी त्या प्रवेशातून चरखाच काढून टाकला. किंग्जले चरखा शिकले आणि तो त्यांच्या हातात खरा वाटतो, ही मेहनत मला मान्य आहे. परंतु मेहनत म्हणजे अभिनय नव्हे.

माझा आक्षेप असा की, चित्रपटातले गांधी भारतात उतरल्यावर हळूहळू माणूस मागे पडतो आणि पुतळा पुढे येतो. हट्ट, मुलांशी वागण्यातला कठोरपणा, घरच्यांवर लादलेली व्रते यांतले किती उरते? थोरला मुलगा हरिलाल याच्याशी आलेला दुरावा चित्रपटात नाहीच. श्याम बेनेगल यांच्या १९९६ च्या 'द मेकिंग ऑफ द महात्मा'मध्ये रजित कपूर यांनी तो त्रासदायक नवरा आणि बाप दाखवला, म्हणून मला ते अधिक मोठे काम वाटते.

तलावपाळीची वाचक

हट्ट दिसत नाही, हे कसे म्हणता? आश्रमातला संडास साफ करण्यावरून कस्तुरबांशी होणारे भांडण आपण पाहिले नाही का? नवरा बायकोला दंडाला धरून दाराबाहेर ढकलतो. ती विचारते, लाज वाटत नाही का, आणि मग त्याचे खांदे उतरतात. क्षमा शब्दांत यायच्या आधी शरीरात येते.

माझ्या आजीला आजोबांनी असेच भर पावसात ओट्यावर काढले होते, असे ती सांगत असे. आजोबांनी क्षमा कधीच मागितली नाही. हा प्रसंग दूरदर्शनवर लागला तेव्हा आजी पदर तोंडाला लावून बसली होती. त्या प्रवेशाचे निम्म्याहून अधिक श्रेय कस्तुरबा झालेल्या रोहिणी हट्टंगडी यांचे आहे आणि त्यांचे नाव या चर्चेत अजून कोणी घेतले नाही, याचे मला वाईट वाटते. त्यांना याच भूमिकेसाठी बाफ्टा हा ब्रिटिश चित्रपट पुरस्कार मिळाला.

नेरूळचा प्रवासी

'संपूर्ण गांधी' या शब्दांवर मला हरकत आहे. तीन तासांहून मोठ्या या चित्रपटात डॉ. बाबासाहेब आंबेडकर एका दृश्यातही नाहीत. येरवडा तुरुंगातले गांधींचे उपोषण नाही, ते सुटावे म्हणून बाबासाहेबांनी सही केलेला २४ सप्टेंबर १९३२ चा पुणे करार नाही, त्यातल्या दलितांसाठीच्या १४८ राखीव जागा नाहीत. चित्रपट लागला तेव्हा मी सातवीत होतो. आजोबा मला घेऊन गेले होते. परतताना ठाणे स्टेशनपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. फलाटावर फक्त एवढेच विचारले, "आमचे बाबासाहेब कुठे होते?"

पाचपाखाडीकर

आजोबांच्या भावनेचा आदर आहे. परंतु पटकथा जॉन ब्रायली यांची आहे. काय वगळायचे हे नटाने ठरवले नव्हते. प्रत्येक चर्चा याच विषयावर नेण्याची गरज आहे का?

नेरूळचा प्रवासी

ज्यांच्या घरचा माणूस वगळलेला नाही, त्यांना हा विषय जुना वाटतो. मी विषयांतर केलेले नाही, अभिनयाबद्दलच बोलतो आहे. चित्रपटातली उपोषणे पाहा. माणसे शस्त्रे टाकतात, रडतात, पाया पडतात. प्रत्येक वेळी समोरचा विरघळतो. येरवड्यात मात्र समोर असा माणूस होता, ज्याने सही केली पण ज्याचे मन पालटले नाही. जो विरघळत नाही त्याच्यासमोर गांधींचा चेहरा कसा होतो, हे किंग्जले यांना कधी दाखवावेच लागले नाही. सर्वांत अवघड प्रवेश ज्याला मिळालाच नाही, त्याने संपूर्ण माणूस उभा केला, असे कसे म्हणता येईल?

ऐरोलीकर

मी पुतळा म्हणालो तेव्हा हेच सांगत होतो.

नेरूळचा प्रवासी

नाही, आपण हे सांगत नव्हता. आपण टक्कल आणि चष्म्याबद्दल बोलत होता. माझ्या आजोबांचा प्रश्न आपल्या जुन्या मताला आधार म्हणून वापरू नका.

तलावपाळीची वाचक

दोघांनीही आवाज खाली आणावा, ही विनंती. प्रवासीदादांचा मुद्दा मला आजवर कोणी अशा रीतीने सांगितला नव्हता. परंतु जिना आहेत ना? तेही विरघळत नाहीत. फाळणी टाळण्यासाठी त्यांना पंतप्रधानपद देऊ करतानाचा किंग्जले यांचा चेहरा पाहा. उत्तर काय येणार हे ठाऊक असलेला म्हातारा दिसतो.

नेरूळचा प्रवासी

ताई, ते मान्य आहे. तिथे ते खरोखर उघडे पडल्यासारखे दिसतात. पण जिनांना चित्रपटाने थंड आणि ताठर रंगवले आहे, त्यामुळे प्रेक्षकांची सहानुभूती आधीच ठरलेली असते. बाबासाहेबांच्या बाबतीत ती तशी ठरवता आली नसती.

ऐरोलीकर

परवान्यांचा आणि संडासाचा, दोन्ही प्रसंग काल रात्री पुन्हा पाहिले. खांदे उतरतात ते खरे आहे. मी पूर्वी फक्त रोहिणीताईंकडे पाहत होतो. टक्कल-चष्म्याचे वाक्य मागे घेतो. 'नक्कल' हा शब्द उत्तरार्धापुरता मात्र राहू द्यावा, तो मी सोडणार नाही.

पाचपाखाडीकर

मीही 'संपूर्ण' हा शब्द मागे घेतो, जरी तो मागे घेताना जड जात आहे. प्रवासी, आपल्याला मी तोडून बोललो, त्याबद्दल दिलगीर आहे.

नेरूळचा प्रवासी

जब्बार पटेल यांच्या 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' या चित्रपटात बाबासाहेब झालेल्या मामुट्टींसमोर मोहन गोखले यांनी गांधीजी केले आहेत. त्यात ते दोघे समोरासमोर बसतात. सहा डिसेंबरच्या आसपास आपल्या सभागृहात तो दाखवणार असाल, तर मी नेरूळहून येईन.

पाचपाखाडीकर

येत्या रविवारी समितीची बैठक आहे, विषय मी मांडतो. पडदा आणि प्रोजेक्टर आहेच. ऐरोलीकर, आपणही या.